किरणोत्सर्गी धूळ वावरात उतरली तर: काळी माती, दूध, धान, संत्री

काळीमाती

या विषयावर मराठीत जे काही फिरतं ते दोनच प्रकारचं असतं. एक, "भाज्या धुवा, जनावरं आत बांधा" एवढ्यावर संपणारं. दुसरं, जपानी शिफारशींचं जसंच्या तसं भाषांतर. जपान्यांनी २०११ च्या फुकुशिमा अणुभट्टी अपघातानंतर केलेलं काम मोठं आहे, पण ते त्यांच्या भातखाचरांसाठी आणि त्यांच्या मातीसाठी. आपल्याकडची उन्हाळ्यात भेगाळणारी, चुनखडीयुक्त, चिकण काळी माती वेगळी वागते. म्हणून हा धागा. मृदा, पशुवैद्यक, अन्नप्रक्रिया, मोजमाप यांतली माणसं इथे आहेत, ज्याने त्याने आपल्या विषयातलं नेमकं लिहावं. स्वतःचे अनुभव, राजकारण आणि अणुऊर्जा हवी की नको हा वाद दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात मातीपासून करतो, आणि पहिली सूचना न करण्याची आहे: मोजणी होईपर्यंत वावरात औजार घालू नका. नांगर नाही, वखर नाही, रोटाव्हेटर तर मुळीच नाही.

कारण साधं आहे. न हलवलेल्या जमिनीत खाली पडलेलं सीझियम (धुळीतलं वर्षानुवर्षं टिकणारं किरणोत्सर्गी मूलद्रव्य) पहिले काही महिने वरच्या ५ सेंमीत राहतं. एक एकरावरचा ५ सेंमी थर म्हणजे सुमारे २०० घनमीटर, वजनाने २६० टन, दहा टनी टिप्परच्या २६ खेपा. रोटाव्हेटर एकदा फिरला की तेच सीझियम १५ सेंमीत कालवलं जातं. मग खरवडायचं तर ६०० घनमीटर आणि ऐंशीच्या आसपास खेपा. एका दिवसाच्या घाईने काम तिप्पट होतं आणि ते परत उलटवता येत नाही. २०११ मध्ये जपानच्या कृषी खात्यानेही सुरुवातीला हेच सांगितलं होतं, की मातीचे आकडे येईपर्यंत मशागत थांबवा.

शंकासूर

भाऊ, नागपूरच्या आसपास अणुभट्टी आहे कुठे? तारापूर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे. मध्य प्रदेशातली चुटकाची भट्टी अजून प्रस्तावित. लोकांना काहून घाबरवून राहिले?

गॅमा_वर्णपट

शंकासूरजी, अंतराचा मुद्दा रास्त आहे, पण अंतर म्हणजे कवच नाही. चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६. तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवरच्या ब्रिटनमधल्या वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांवर किरणोत्सर्गी ढग असताना नेमका पाऊस पडला. तिथल्या मेंढ्यांच्या मांसावर किलोला १००० बेकरेलची (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) मर्यादा लागली, आणि शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. पिढी गेली. तिथली माती आम्लधर्मी आणि सेंद्रिय, पीटसारखी. तिच्यात चिकणमाती नगण्य, त्यामुळे सीझियम बांधलंच गेलं नाही, गवतातून फिरत राहिलं. ढग कुठे जातो त्यापेक्षा पाऊस कुठे पडतो आणि खाली माती कोणती आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरं म्हणजे भट्टीच लागते असंही नाही. १९८७ ला ब्राझीलच्या गोयानियात दवाखान्याच्या एका टाकून दिलेल्या यंत्रातून सीझियम-१३७ बाहेर आलं. २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० निघालं. असे प्रकार छोट्या जागेत घडतात, पण परसबाग, विहीर, गोठा हे त्याच जागेत असतात.

तीन नावं लक्षात ठेवा. आयोडीन-१३१, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ८ दिवस. सीझियम-१३४ दोन वर्षं आणि सीझियम-१३७ तीस वर्षं. स्ट्राँशियम-९० साधारण २९ वर्षं. पहिल्या महिन्याचा प्रश्न आयोडीनचा, म्हणजे दूध आणि पालेभाजीचा. त्यानंतर सीझियम, म्हणजे चारा, माती, धान्य. स्ट्राँशियम हवेतून लांब कमी जातं, पण जिथे असतं तिथे हाडात बसतं आणि मोजायला सगळ्यात किचकट.

गोठा_हिंगणा

दुधाचं मी घेतो.

गवतावर आयोडीन पडलं की गाईच्या दुधात ते त्याच दिवशी दिसायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत कळस गाठतं. १९५७ मध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला लागलेल्या आगीनंतर इंग्लंडमध्ये सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं, ते याच कारणाने. तिथे गाई कुरणावर होत्या. आपल्याकडे बहुतेक जनावरं दावणीला, हा आपला मोठा फायदा. पण तो फायदा चारा झाकलेला असेल तरच.

सूचना मिळाल्यापासून ढग येईपर्यंत जो वेळ हाती असेल, त्यात क्रम असा:

१. जनावरं गोठ्यात. शेळ्या आधी. शेळीने रोज खाल्लेल्यातलं आयोडीन तिच्या लिटरभर दुधात गाईच्या मानाने सुमारे चाळीसपट प्रमाणात उतरतं. शेळी खाते कमी, गाईच्या साधारण दहावा हिस्सा. तरी एकाच रानात चरलेल्या शेळीचं दूध लिटरमागे तीन-चार पटीने जास्त दूषित निघतं. आणि लहान मुलांना शेळीचं दूध देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच.

२. कडब्याची गंजी, कुटार, तणस यांवर ताडपत्री. वरून टाकून चालत नाही, बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून कडेला दगड किंवा मातीची पोती. फुकुशिमात जुलै २०११ ला गोमांसात सीझियम सापडलं, ते उघड्यावर राहिलेल्या भाताच्या तणसातून. ते तणस अपघाताच्या ठिकाणापासून लांबलांबच्या भागात विकलं गेलं होतं. गुरं आत होती, चारा बाहेर होता.

३. पाण्याची टाकी आणि हौद झाकणे. पत्र्यावरून पावसाचं पाणी हौदात किंवा विहिरीत सोडलं असेल तर तो पाइप तोडणे. बोअरवेलचं पाणी सुरक्षित धरायला हरकत नाही.

४. गोठा पूर्ण बंद करू नका. नागपूरच्या मे महिन्यात बंद गोठ्यात म्हैस उष्माघाताने जाईल, किरणोत्सर्गाने नाही. वाऱ्याच्या बाजूचे पडदे खाली, दुसरी बाजू उघडी.

आपलं झाकलेलं वैरण किती दिवस पुरेल ते आजच मोजून ठेवा. आयोडीनपुरतं बोलायचं तर सहा आठवड्यांचा साठा असेल तर संकटाचा मोठा भाग निघून जातो.

सीझियमसाठी औषध आहे: प्रशियन ब्लू, म्हणजे अमोनियम आयर्न हेक्सासायनोफेरेट. दुभत्या गाईला दिवसाला ३ ग्रॅम, ढेपेत (सरकीच्या पेंडीत) किंवा खुराकात कालवून. ते पोटात सीझियम पकडून शेणावाटे बाहेर काढतं, दुधातलं प्रमाण ८० ते ९० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. नॉर्वेत मेंढ्या आणि रेनडिअरसाठी त्याच्या हळू विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्या पोटात सोडतात. रंगाच्या दुकानातला प्रशियन ब्लू मात्र जनावराला घालायचा नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कोणी तपासलेलं नसतं. आणि त्या जनावरांचं शेण वेगळं साठवायचं, कारण सीझियम नाहीसं झालेलं नाही, ते शेणात गेलंय.

औषध नसेल तर नुसता स्वच्छ चाराही काम करतो. चारा बदलला की गाईच्या दुधातलं सीझियम काही दिवसांत निम्म्यावर येतं. मांसासाठीच्या जनावराला त्यापेक्षा बराच जास्त वेळ, काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात.

ताकलोणी

दूध ओतून देण्याआधी एक हिशेब करा. लिटरमध्ये २००० बेकरेल आयोडीन-१३१ असेल आणि ते १०० वर आणायचं असेल तर ३५ दिवस लागतात. ८० दिवसांत दहा अर्धायुष्यं होतात, म्हणजे हजारावा हिस्सा उरतो. त्यामुळे भुकटी करून साठवता आली तर दूध वाया जात नाही. ही सवलत आयोडीनपुरतीच. सीझियमच्या दुधाची भुकटी म्हणजे आटवलेलं सीझियम.

तूप: सीझियम आणि स्ट्राँशियम दोन्ही पाणीदार भागात राहतात. लोणी काढून कढवलेल्या तुपात ते जवळजवळ शून्य. ताक मात्र त्याच प्रमाणात दूषित, ते ना प्यायचं ना वासराला द्यायचं.

पनीर: बहुतेक सीझियम पनीरच्या पाण्यात जातं. स्ट्राँशियमचं वागणं कॅल्शियमसारखं. रेनेट (दूध गोठवणारं विकर) घालून केलेल्या चीजमध्ये ते चीजमध्येच अडकतं, लिंबू किंवा व्हिनेगरने फाडलेल्या दुधात त्यातला बराच भाग पाण्याबरोबर निघतो. इथे आपली पद्धत बरी.

खवा: करू नका. पाच लिटरचा किलोभर खवा म्हणजे किलोमागे पाचपट. वाळवलेल्या सगळ्याच गोष्टींना हे लागू आहे, सांडगे, वाळवलेली मेथी, मिरची. ताज्या मालावर मोजलेला आकडा वाळवलेल्या मालाला लावायचा नाही.

भाजी: पहिल्या काही दिवसांत पानावर बसलेली धूळ धुतल्याने काही प्रमाणात जाते, साल काढल्याने जास्त जाते. उकळून पाणी ओतून दिलं तर सीझियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. पण नंतर मुळांतून आलेलं सीझियम पेशींच्या आत असतं, ते कितीही धुतलं तरी हलत नाही. तेव्हा "धुवा" हा सल्ला पहिल्या पंधरवड्याचा आहे, पुढच्या हंगामाचा नाही.

तांदूळ: ब्राऊन राइसच्या तुलनेत पॉलिश केलेल्यात सीझियम साधारण ४० टक्के. धुऊन, शिजवून ताटात येईपर्यंत किलोमागचा आकडा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. उरलेलं कोंड्यात. राइस मिलचा कोंडा पुढे तेल गिरणीत आणि पशुखाद्यात जातो, त्यावर लक्ष.

शंकासूर

दोन प्रश्न. सूर्यफूल लावलं की माती साफ होते म्हणतात. आणि शेणाने सारवलं की किरणं अडतात, हे तर व्हॉट्सॲपवर रोज येऊन राहिलं.

काळीमाती

सूर्यफूल: जपानच्या कृषी खात्याने प्रत्यक्ष लावून पाहिलं. मातीत किलोला साडेसात हजारांहून जास्त बेकरेल, आणि झाडात ५० च्या आसपास. एका पिकाने मातीतलं सीझियम निघालं दोन हजारावा भाग. त्याच वर्षी अर्धायुष्यामुळे आपोआप घटलेलं सीझियम त्याहून जास्त. वर ते दूषित धांडे जाळायचे कुठे, हा नवा प्रश्न. विषय संपला.

शेण: गॅमा किरण अडवायला वस्तुमान लागतं, म्हणजे शिसं, काँक्रीट, जाड माती. अर्धा सेंटिमीटर शेणाचा थर म्हणजे गणितात शून्य. आणि ते शेण दूषित चारा खाल्लेल्या गाईचं असेल तर भिंतीला आपणच सीझियम फासतोय.

आता काळ्या मातीच्या मुख्य मुद्द्याकडे.

मातीतल्या अभ्रकवर्गीय खनिजांच्या, म्हणजे इलाइटच्या, कडा उसवलेल्या असतात. सीझियमचा आयन त्या फटीत इतका चपखल बसतो की परत निघत नाही. आपल्या बेसाल्टी काळ्या मातीत स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारं चिकण खनिज) भरपूर, इलाइट त्या मानाने कमी. स्मेक्टाइट धरतं खूप, पण त्याची पकड सैल, पोटॅशियम किंवा अमोनियम आलं की सीझियम सुटतं. एकूण चिकण जास्त असल्यामुळे आपण वाळूपेक्षा बरे आहोत. ढोबळमानाने मातीत किलोला १००० बेकरेल असेल तर चिकण जमिनीतल्या दाण्यात १० च्या आसपास, वाळुसर जमिनीत ४० च्या आसपास. प्रत्यक्षात हे दोन्ही बाजूंना दहापटीने सरकू शकतं, म्हणून मोजणीला पर्याय नाही. स्ट्राँशियमसाठी आपली चुनखडी मदतीला येते, भरपूर कॅल्शियम असलं की पीक स्ट्राँशियम कमी उचलतं. सामू आठच्या घरात असलेल्या जमिनीत वरून चुना टाकायची शिफारस मात्र निरर्थक आहे, ती आम्ल जमिनींसाठी आहे.

भेगा. याबद्दल जपानी पुस्तिकांत काही नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्या भारी जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खोली मीटरपर्यंत. वरची भुसभुशीत ढेकळं त्यांत घरंगळतात. धूळ त्या काळात पडली तर तिचा काही भाग थेट खाली जातो, आणि पहिल्या मृगाच्या सरीत उरलेला वाहून जातो. मग ५ सेंमी खरवडून जपानसारखा निकाल मिळेल ही आशा सोडा. जपानमध्ये ४ सेंमी खरवडून मातीतलं सीझियम ७५ टक्क्यांनी उतरलं, ते सपाट, न भेगाळलेल्या बांधीत (भातखाचरात). आपल्याकडे उन्हाळ्यात नमुना घेताना भेगेच्या आतला नमुना वेगळा घ्यावा लागेल, नाहीतर वरची माती बरी दिसेल आणि मुळांशी घबाड असेल. पावसाळ्यात किंवा रब्बीत धूळ पडली तर भेगा मिटलेल्या असतात, तेव्हा खरवडणी जमते. फक्त वाफसा यायची वाट पाहावी लागते. ओल्या काळ्या मातीत जेसीबीचं बकेट ५ सेंमी धरत नाही, १५ उचलतं.

खरवडायचं की उलटवायचं. खरवडलेली माती ठेवायला जागा लागते. फुकुशिमात अशी सुमारे १.४ कोटी घनमीटर माती ओकुमा आणि फुताबाच्या साठवण जागेत आहे. आपल्याकडे एका तालुक्याची माती ठेवायची कुठे, याचं उत्तर आधी हवं. म्हणून मध्यम दूषित जमिनीला पलटी नांगराने ३० सेंमीपर्यंत एकदाच उलटवणं जास्त व्यवहार्य. वरचा थर तळाशी जातो, अंगावर येणारी किरणं कमी होतात, उथळ मुळांना सीझियम कमी सापडतं. अट अशी की पुढच्या वर्षी पुन्हा तेवढं खोल नांगरायचं नाही, नाहीतर गाडलेलं वर येतं. खाली मुरूम ३० सेंमीवर लागणाऱ्या हलक्या वावरात हा उपाय बाद, मुरूम वर आला की जमीनच गेली. त्या ठिकाणी खरवडणी किंवा पडीक ठेवणं.

नमुना. वावराच्या चार कोपऱ्यांच्या आत आणि मध्ये, असे पाच ठिकाणी. धुऱ्यापासून, झाडाखालून, पाणी साचणाऱ्या खोलगटातून नको, ते वेगळे नमुने. ५ सेंमी व्यासाचा लोखंडी पाइप १५ सेंमी ठोकून काढायचा. पाच गाभे मिळून दीड लिटर माती होते, लिटरच्या भांड्याला पुरते. औजार घातलेलं नसेल तर ० ते ५ आणि ५ ते १५ असे दोन भाग वेगळे ठेवा, खरवडायचं की नाही ते त्यावरूनच कळतं. दर नमुन्यानंतर पाइप धुऊन पुसायचा. पिशवीवर गट क्रमांक, तारीख, खोली आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते लिहायचं.

धानपट्टा

भंडारा-गोंदियाकडून लिहितो, आमचा भात आणि आमची पिवळसर, हलकी, किंचित आम्ल जमीन. काळीमाती यांनी सांगितलेल्या फायद्यांपैकी निम्मे आमच्याकडे नाहीत, म्हणून आमची भिस्त पोटॅशवर.

झाडाला सीझियम आणि पोटॅशियम सारखेच वाटतात. पोटॅशियम भरपूर असेल तर मुळं सीझियमच्या वाटेला कमी जातात. जपानने भातासाठी ठरवलेली पातळी: लावणीआधी १०० ग्रॅम मातीत २५ मिलिग्रॅम विनिमयक्षम, म्हणजे पिकाला मिळू शकणारं, पालाश (K2O). आपल्या माती पत्रिकेच्या भाषेत आणतो. १५ सेंमीत हेक्टरी २२.४ लाख किलो माती धरली तर ५६० किलो पालाश, म्हणजे मूलद्रव्य रूपात ४६५ किलो पोटॅशियम. आता पत्रिकेत २८० किलोच्या वर "भरपूर" लिहून येतं. ते "भरपूर" उत्पादनासाठी आहे, सीझियमसाठी ती जमीन अजून उपाशी आहे.

उदाहरण: पत्रिकेत हेक्टरी ३०० किलो पोटॅशियम. तूट १६५ किलो. पोटॅशियमचं पालाश करायला गुणिले १.२, साधारण २०० किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे हेक्टरी ३३० किलो, एकरी पावणेतीन पोती. पत्रिका बांधीची असेल आणि २०० किलो दाखवत असेल तर एकरी सव्वाचार पोती. पत्रिकेत आकडा पोटॅशियमचा आहे की पालाशचा, ते आधी प्रयोगशाळेला विचारा. इथे घोळ झाला तर वीस टक्क्यांनी चुकाल.

कधी टाकायचं: चिखलणीआधी, सगळं. भात सीझियम जास्त उचलतो तो सुरुवातीच्या वाढीत, निसवणीच्या वेळी दिलेल्या पोटॅशचा उपयोग कमी. पातळी गाठल्यावर आणखी ओतण्यात अर्थ नाही. उलट चाऱ्यात पोटॅश वाढून मॅग्नेशियम घटतं आणि दुभती गाय आडवी पडू शकते, यावर गोठा_हिंगणा सांगतील.

अमोनियम सल्फेट आणि युरियाची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नका. पाणी भरलेल्या बांधीत नत्र अमोनियम रूपात टिकतं आणि तेच मातीच्या कणांवरून सीझियम ढकलून बाहेर काढतं.

तणसातही पोटॅश असतं. दरवर्षी तणस वावराबाहेर गेलं की जमीन उतरत जाते, मग दोन-तीन वर्षांनी आकडे परत चढतात आणि कोणाला कळत नाही का.

फुकुशिमात २०१२ च्या पिकापासून ३० किलोचं प्रत्येक पोतं पट्ट्यावरून जाऊन तपासलं गेलं, वर्षाला एक कोटीच्या घरात पोती. मर्यादा किलोला १०० बेकरेल. पहिल्या वर्षी ७१ पोती वर गेली, २०१५ च्या पिकापासून एकही नाही. त्यात पोटॅशचा वाटा मोठा आहे. झिओलाइट या सीझियम धरणाऱ्या खनिजाचा गाजावाजा झाला, परिणाम पोटॅशपुढे किरकोळ.

गोठा_हिंगणा

बरोबर. पोटॅश दिलेल्या चाऱ्यावरच्या गाईला खनिज मिश्रणात मॅग्नेशियम ऑक्साइड असलेलं मिश्रण घ्या. विशेषतः नुकत्याच व्यालेल्या गाईला.

संत्राबाग_काटोल

संत्र्याचं गणित वेगळं, कारण झाड सदाहरित. पानगळीच्या झाडावर हिवाळ्यात धूळ पडली तर ती खोडावर बसते. संत्र्यावर कधीही पडली तरी ती पानावरच. पानातून ती आत शिरते आणि फळात उतरते, मुळांचा संबंधही येत नाही. जपानमध्ये युझू हे लिंबूवर्गीय फळ आणि चहा यांत नेमकं हेच झालं. चहाला त्यांनी खोल छाटणी दिली, जुनी पानं हटवली आणि आकडे उतरले.

आपल्याकडे:

आंबिया बहाराची फळं झाडावर असताना धूळ पडली तर ती फळं मोजल्याशिवाय कळमन्याच्या बाजारात पाठवायची नाहीत. साल पुसून बाहेरचं जाईल, पानातून आत उतरलेलं जाणार नाही. मोजून मर्यादेत असतील तर प्रश्न नाही.

तोडणी झाल्यावर बाहेरचा घेर हलका छाटा आणि छाटलेलं वावराबाहेर. पानगळ झाडाखाली आच्छादन म्हणून ठेवण्याची सवय त्या वर्षी मोडायची. बरंच सीझियम त्या पालापाचोळ्यात असतं आणि कुजल्यावर सरळ वरच्या मुळांना मिळतं.

खोड धुणे: जपानने फळझाडांची साल जोराच्या पाण्याने धुतली. संत्र्याला तसं करू नका. साल सोलवटली आणि बुंधा ओला राहिला की डिंक्या रोग ठरलेला. कडक ब्रशने कोरडं घासायचं, पडलेला चुरा खाली पसरलेल्या ताडपत्रीवर गोळा करायचा, घासणाऱ्याला मास्क आणि चष्मा. त्यानंतर बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

पोटॅश द्यायचं तर म्युरेट नको, क्लोराइड संत्र्याला सोसत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश, त्यात ५० टक्के पालाश, त्यामुळे धानपट्टा यांच्या हिशेबातल्या किलोंना १.२ ने गुणा.

गॅमा_वर्णपट

मोजमापाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज.

हातातल्या गायगर काउंटरने अन्न तपासता येत नाही. तो जमिनीवर साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या मात्रेचं एकक) प्रतितास दाखवतो. किलोला १०० बेकरेल असलेली भाजी त्याच्यासमोर ठेवली तर काटा हलणार नाही. काटा हलला तर ती भाजी मर्यादेच्या कितीतरी पट वर आहे. म्हणजे तो "वाईट आहे" सांगू शकतो, "चांगलं आहे" सांगू शकत नाही. त्याचा खरा उपयोग ताडपत्री, बूट, ट्रॅक्टरचे टायर, पत्र्याच्या पन्हाळीखालची जागा तपासायला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी ॲप विसरा.

अन्नासाठी सोडियम आयोडाइड स्फटिकाचा वर्णपटमापी, भोवती ५ सेंमी शिसं, आणि लिटरभराचं मरिनेली बीकर, म्हणजे स्फटिकावर टोपीसारखं बसणारं भांडं. भाजी बारीक चिरून खुणेपर्यंत दाबून भरायची, अर्धं भरलं तर आकडा चुकतो. वजन नोंदवायचं. दर नमुन्याला १५ ते ३० मिनिटं. बीकरला आतून प्लास्टिकची पिशवी लावा, नाहीतर पहिल्या दूषित नमुन्यानंतर दिवसभर सगळंच दूषित दिसेल.

काय चुकतं:

पोटॅशियम-४०. नैसर्गिक, प्रत्येक अन्नात, ग्रॅमभर पोटॅशियममागे ३१ बेकरेल. तुरीच्या डाळीत किलोला ४०० च्या वर, हळदीत ६०० च्या वर. त्याची वर्णपटातली रेषा १४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (किरणांच्या ऊर्जेचं एकक), पण तिची सावली सीझियमच्या ६६२ वर पडते. ती वजा न करणारं स्वस्त यंत्र डाळीला दूषित ठरवेल. म्युरेटच्या पोत्यात तर किलोला १५ हजार बेकरेलच्या वर पोटॅशियम-४० असतं. गायगर त्याच्यावर ठेवला की टिकटिक वाढते, कृषी केंद्रात कोणी व्हिडिओ काढून गोंधळ घालायच्या आधी हे माहीत असावं.

पाऊस. पावसाबरोबर रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सर्गी वायूची अपत्यं, म्हणजे त्याच्या क्षयातून बनणारी मूलद्रव्यं, खाली येतात, त्यांतल्या बिस्मथ-२१४ ची रेषा ६०९ ला. सोडियम आयोडाइडला ६०९ आणि ६६२ नीट वेगळे दिसत नाहीत. पावसात भिजलेली पालेभाजी लगेच मोजली तर खोटं सीझियम दिसू शकतं. तीन-चार तास ठेवून परत मोजा. आकडा कोसळला तर रेडॉन, तसाच राहिला तर जर्मेनियम डिटेक्टर असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. तिथे सीझियम-१३४ ही दिसलं तर गळती ताजी आहे. नुसतं १३७ असेल तर ते जुन्या अणुचाचण्यांचं असू शकतं.

स्ट्राँशियम-९० या कोणत्याही यंत्रात दिसत नाही, गॅमा किरणच नाहीत. रासायनिक विलगीकरण करून इट्रियम-९० वाढू द्यावं लागतं, निकालाला दोन-तीन आठवडे. म्हणून दुधाचा एक लिटर नमुना गोठवून राखून ठेवा.

शंकासूर

मानलं. पण मग आयोडीनयुक्त मीठ जास्त खाल्लं की थायरॉइड वाचतं, हे तरी खरं?

गॅमा_वर्णपट

नाही. थायरॉइड वाचवायला देतात त्या पोटॅशियम आयोडाइडच्या मोठ्या माणसाच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. मिठात किलोला १५ मिलिग्रॅम. गोळीइतकं आयोडीन घ्यायला साडेसहा किलो मीठ लागेल, त्याआधी माणूसच आटोपेल. जखमेवरचं आयोडीन पिणं तर विषप्रयोग. गोळी प्रशासन सांगेल तेव्हाच, आणि ती सीझियमवर काही करत नाही.

संत्राबाग_काटोल

औष्णिक केंद्रांची राख वावरात येते त्याचं काय? आमच्याकडे नेहमीचा प्रश्न.

काळीमाती

आपल्या कोळशात राखच ३५ ते ४५ टक्के, त्यामुळे कोळशातलं युरेनियम-थोरियम जळल्यावर राखेत जेमतेम अडीच पटीने घट्ट होतं. मातीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा काहीसं जास्त, अपघाताच्या सीझियमशी तुलना नाही. राखेची खरी डोकेदुखी जड धातू, विहिरीत झिरपणारं पाणी आणि उडणारी धूळ. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

ताकलोणी

एक राहिलं. दूषित वावरात खाण्याचं पीक नको म्हणून कापूस लावा, असा सल्ला देतात. सुतात आणि सरकीच्या तेलात सीझियम जवळजवळ नसतं, ते बरोबर. पण ढेप?

गोठा_हिंगणा

सगळं ढेपेतच राहतं. पण हिशेब करून पाहू. तेल निघून वजन थोडंच घटतं, त्यामुळे ढेप सरकीपेक्षा फार घट्ट होत नाही. समजा ढेपेत किलोला २०० बेकरेल आहे आणि गाय दिवसाला ३ किलो खाते. ६०० बेकरेल रोज. त्यातलं लिटरभर दुधात साधारण ०.००४६ पट उतरतं, म्हणजे तीन बेकरेलच्या आत. जपानची दुधाची मर्यादा ५०.

आता उघड्यावर राहिलेला कडबा. किलोला ५००० असेल आणि गाय ८ किलो खात असेल तर रोज ४० हजार, आणि लिटरमागे १८० च्या वर. ढेपेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याआधी गंजीचे पाठवा. बाहेरचा हातभर थर आणि आतला गाभा वेगवेगळे. बहुतेक वेळा गाभा वापरता येतो. बाहेरचा थर काढताना हातमोजे, मास्क, आणि काढलेला कडबा जिथून वारा गोठ्याकडे येत नाही त्या बाजूला, ताडपत्रीखाली. गंजीवर कापणीची तारीख लिहिलेली पाटी लावा: ढगाच्या आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे दोन महिन्यांनी सालदाराला विचारून कळत नाही.

धानपट्टा

तणसाच्या पुंजण्यालाही हेच. पाटी पत्र्याची, ऑइलपेंटने. खडूने लिहिलेलं पहिल्या सरीत जातं.